भागीदार म्हणविलेल्यांचा संप

आदिलाबादेतील आमच्या देवळात संध्याकाळची आरती आटोपली की पाचसात मंडळी सभामंडपात थोडा वेळ टेकतात. कापसाचा भाव, कोणाच्या मुलीचे लग्न, राजकारण असे विषय चालतात. अलीकडे तेथे एक नवा विषय निघू लागला आहे. २०२५ च्या डिसेंबरात, २५ आणि ३१ ह्या दोन तारखांना, घरोघर जेवण, वाणसामान आणि पार्सले पोहोचविणाऱ्या दुचाकीस्वारांनी देशभर संप पुकारला होता. त्यात पुढाकार होता तो आमच्याच राज्यातील तेलंगणा गिग अँड प्लॅटफॉर्म वर्कर्स युनियनचा आणि ॲपवर चालणाऱ्या वाहतूक कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचा. तसा संप पुन्हा होईल काय, आणि झाल्यास तो न्याय्य म्हणावा काय, हा तो विषय.

मंडळींपैकी एक वयोवृद्ध सद्गृहस्थ देवस्थानच्या समितीवर अनेक वर्षे आहेत. माणूस सज्जन, दानशूर, आणि बोलण्यात ठाम. ते म्हणाले, "अहो वकीलसाहेब, ही मुले नोकर थोडीच आहेत? कंपनी त्यांना भागीदार म्हणते. भागीदाराने संप करायचा म्हणजे स्वतःच्याच दुकानाला कुलूप ठोकायचे! वर साहेब नाही, हजेरी नाही. वाटेल तेव्हा यावे, वाटेल तेव्हा जावे. ज्याला परवडत नसेल त्याने सोडावे. पण ऐन सणाच्या दिवशी लोकांना अडवून धरायचे, ह्यात कसला धर्म?"

मंडळींनी माना डोलावल्या. मी त्या वेळी काही बोललो नाही. देवाच्या दारी वाद नको, हे एक कारण. आणि त्यांच्या बोलण्यात पाच निरनिराळी विधाने एकमेकांत अशी गुंतलेली होती की ती सोडविण्यास आरतीनंतरची पंधरा मिनिटे पुरणारी नव्हती, हे दुसरे. हेच उद्गार मी मुंबईच्या आप्तांकडून ऐकले आहेत, मडगावच्या आणि मंगळूरच्या स्नेह्यांकडूनही ऐकले आहेत. तेव्हा ते एका गृहस्थांचे मत न समजता आपल्या सुखवस्तू समाजाचे मत समजून त्याचा परामर्श घेणे योग्य होईल. मला ते मत मुळापासून चुकीचे वाटते.

प्रथम तो 'भागीदार' शब्द घेऊ.

आपल्या देशात भागीदारीचा कायदा १९३२ सालचा आहे. त्याचे चौथे कलम सांगते की, सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने कोणी एकाने चालविलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचा ज्यांनी करार केला आहे, त्यांच्यातील नाते म्हणजे भागीदारी. बाराव्या कलमाने प्रत्येक भागीदारास पेढीच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क दिला आहे. करारात उलट काही नसेल तर नफ्याचा वाटा सर्वांस सारखा, असे तेरावे कलम म्हणते. आणि तेहेतिसावे कलम असे की, करारात तसा अधिकार दिलेला असल्यावाचून आणि तो सद्बुद्धीने वापरल्यावाचून, बहुमताच्या जोरावरही एखाद्या भागीदाराला पेढीतून काढून टाकता येत नाही. आमच्या बाजारपेठेत कापसाच्या अडतीच्या पेढ्या आहेत. त्यांतील धाकट्यातला धाकटा भागीदारही दिवाळीला वही उघडून बसतो, आणि वही दाखविली नाही तर दुसऱ्या दिवशी माझ्यासारख्याकडे येतो.

आता विचारतो, रात्री दहा वाजता तुमच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या त्या मुलाने कोणती वही पाहिली आहे? हैदराबाद, बंगळूर वा गुरुग्राम येथील कचेरीत ह्या तिमाहीचा नफा किती झाला, हे त्याला कोण कळविते? आज एका खेपेचे चाळीस रुपये मिळाले आणि उद्या तेवढ्याच अंतराचे तीस, तर मधले दहा कोठे गेले, हे विचारण्यासाठी त्याने कोणाचे दार ठोठवावे? त्याच कायद्याचे सहावे कलम तर असे स्पष्ट बजावते की, भागीदारी आहे की नाही हे ठरविताना पक्षकारांमधले खरे नाते सर्व परिस्थितीवरून पाहावे. नाव काय दिले आहे ह्याला महत्त्व नाही. दत्तकपत्रावर खरेदीखत असा मथळा घातला म्हणून मुलगा विकला जात नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही महिन्यांपूर्वी जैनदकडच्या एका गावचा मुलगा माझ्या कचेरीत आला. गोमंतकातील वाचकांस सांगावयास हवे की, आदिलाबाद हे तेलंगणाचे उत्तर टोक. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. जैनद, बेला ह्या बाजूला कित्येक घरांत आजही मराठीच बोलतात. जैनदचे लक्ष्मीनारायणाचे प्राचीन देऊळ आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. ह्या मुलाच्या घरी थोडी कोरडवाहू जमीन, कापसाचे पीक. दोन वर्षे पाऊस आडवातिडवा पडला, म्हणून तो शहरात येऊन पार्सले पोहोचवू लागला. दुचाकी कर्जाऊ घेतलेली. एके सकाळी त्याचे खाते कंपनीने बंद केले. कारण नाही, पत्र नाही, माणूस नाही. मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली, एवढेच. कंपनीचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. तो म्हणाला, "साहेब, नोटीस द्या." मी विचारले, "कोणाला?" आम्ही दोघांनी मिळून त्याचा करारनामा उघडला. तो त्याने अंगठा टेकवावा तसा पडद्यावर बोट टेकवून मान्य केलेला होता, आणि त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत होता. तंटा झाल्यास लवाद अमुक दूरच्या शहरी, असे त्यात होते. बदल करण्याचा अधिकार कंपनीस, असेही होते. त्यास 'भागीदार' असे अनेक वेळा म्हटले होते. 'नफा' हा शब्द मी शोधला. तो सापडला नाही.

चाळीस-पन्नास पाने भागीदार म्हणून संबोधून नफ्याचा उच्चारही करावयाचा नाही, ह्या कौशल्यास माझ्या व्यवसायातील कोणी बुद्धिमान मनुष्यच कारण असणार, ह्याची मला थोडी लाजही वाटली.

माल पोहोचविण्याच्या धंद्यात खरीखुरी भागीदारी कशी असते हे पाहावयाचे असेल तर मराठी माणसास दूर जावे लागत नाही. मुंबईचे डबेवाले आहेत. १८९० साली महादू हावजी बच्चे ह्यांनी ती व्यवस्था उभी केली. डबेवाल्यांचे गट असतात, गटाचा एक मुकादम असतो, आणि गटाची मिळकत खर्च वजा जाता गटातल्यांतच वाटली जाते. मुकादम स्वतः डबे उचललेला असतो आणि वेळ पडली की उचलतो. १९ ऑगस्ट २०११ रोजी अण्णा हजारे ह्यांच्या आंदोलनास पाठिंबा म्हणून डबेवाल्यांनी काम बंद ठेवले, तेव्हा तो निर्णय त्यांचा त्यांनी घेतला. कोणा मालकाने दुसऱ्या दिवशी कोणाचे खाते बंद केले नाही, कारण खाते बंद करणारा मालकच तेथे नव्हता. ह्याला भागीदारी म्हणतात. सद्गृहस्थांचा 'स्वतःच्या दुकानाला कुलूप' हा दाखला डबेवाल्यांस लागू पडला असता. ॲपच्या मुलांस तो लागू नाही, कारण दुकानही त्यांचे नाही आणि किल्लीही त्यांच्याकडे नाही.

"वाटेल तेव्हा यावे, वाटेल तेव्हा जावे" हा दुसरा मुद्दा. तो अगदीच पोकळ नाही, हे कबूल केले पाहिजे. ह्या मुलांपैकी अनेकांना ती मोकळीक खरोखरच हवी असते. सकाळी शेतावर, संध्याकाळी दुचाकीवर, किंवा दिवसा कॉलेजात आणि रात्री कामावर, असे करणारे मला ठाऊक आहेत. पण वेळेची मोकळीक असली म्हणजे मनुष्य कामगार राहत नाही, हे कोणत्या न्यायशास्त्रात लिहिले आहे?

ह्याच प्रश्नाचा निवाडा आमच्याच मुलखाच्या एका कायद्याच्या निमित्ताने पूर्वीच झालेला आहे, आणि तो सांगताना मला विशेष आनंद होतो. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर आमच्या भागासाठी दुकाने व आस्थापना ह्यांविषयीचा १९५१ चा कायदा होता. त्याखाली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस ह्या शिवणकामाच्या दुकानाविषयी प्रश्न निघाला : तेथील शिंपी हे दुकानाचे नोकर की स्वतंत्र कारागीर? त्यांना नगावर मजुरी मिळे, सर्वांचा दर सारखा नव्हता, काम नसेल तर ते लवकर निघून जात, काही जण कापड घरी नेऊनही शिवीत. दुकानदाराचे म्हणणे, हे नोकर कसले? १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ते नोकरच आहेत. न्यायमूर्ती मॅथ्यू ह्यांनी म्हटले की दिवसभर दुकानात थांबण्याचे बंधन नाही ह्या गोष्टीस फारसे महत्त्व नाही. शिवलेला कपडा पसंत नसेल तर तो नाकारण्याचा आणि उसवून पुन्हा शिवावयास लावण्याचा अधिकार मालकाकडे आहे, हे महत्त्वाचे.

कंपन्यांचे वकील येथे एक आक्षेप काढतील, आणि तो मीच आधी सांगून टाकतो. त्या खटल्यात शिलाईचे यंत्र दुकानदाराचे होते; येथे दुचाकी त्या मुलाची आहे, पेट्रोलही त्याचे. न्यायालयाने यंत्राच्या मालकीस महत्त्व दिले होते, हे खरे. पण ह्या धंद्यातले यंत्र कोणते? दुचाकी तर बाजारात कोणालाही मिळते. ती शिंप्याच्या कात्रीच्या जागी आहे. गिऱ्हाईक कोण, कोठे जावयाचे, किती वेळात, किती पैशांत, कोणाला किती तारे मिळाले आणि म्हणून उद्या कोणाला काम मिळणार, हे सारे ज्यातून ठरते ते ॲप हे यंत्र, आणि ते सर्वस्वी कंपनीचे आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांचा निकाल झाला. तेथेही मोटारी चालकांच्याच होत्या, वेळेची मोकळीकही होती. तरी भाडे कंपनी ठरविते, अटी कंपनी ठरविते, एवढ्यावरून ते कामगार ठरले आणि किमान वेतनास व भरपगारी रजेस पात्र झाले.

आणि न्यायालयांचीच गोष्ट कशाला? विडीवाल्या बायका घरी बसून विड्या वळतात. निर्मळ, आदिलाबाद ह्या भागांत ते घरोघरचे दृश्य. पान व तंबाखू कारखान्याकडून येते, सूप त्यांच्या मांडीवर, वेळ त्यांची. त्यांनाही एके काळी कारखानदार 'आमच्या नोकर नव्हेत' असेच म्हणत. १९६६ साली संसदेने विडी कामगारांसाठी वेगळा कायदा करून घरी विड्या वळणारीलाही कामगार म्हटले. त्या कायद्यास आव्हान देणाऱ्या कारखान्यांत मंगळूरची गणेश बिडी होती, हे मंगळूरकर वाचकांस स्मरत असेल; १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. विडीचा धंदा त्यामुळे बुडाला नाही. तो पुढे कमी झाला त्याची कारणे निराळी, आणि प्रकृतीच्या दृष्टीने इष्टही.

आता प्रत्यक्ष संपाकडे येऊ. ३१ डिसेंबर २०२५ च्या रात्री काय झाले? आदिलाबाद हा तेलंगणातला सर्वांत थंड प्रदेश. त्या महिन्यात येथे रात्री दुचाकीवर बसणाऱ्याची बोटे आखडतात. त्या रात्रीपुरता झोमॅटोने संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत प्रत्येक खेपेस १२० ते १५० रुपये देऊ केल्याचे, आणि खेप नाकारल्याचा वा रद्द केल्याचा दंड तात्पुरता माफ केल्याचे वृत्त आले. कंपनीने म्हटले की सणासुदीस असे दरवर्षीच होते. असेल; मी ते खोटे ठरवीत नाही. पण वाचकहो, त्या सवलतीतला शेवटचा शब्द पुन्हा वाचा. दंड! जो वाटेल तेव्हा येतो आणि वाटेल तेव्हा जातो, त्याला खेप नाकारल्याबद्दल दंड कसला? एक भागीदार दुसऱ्या भागीदारास 'आज तुझा दंड माफ' असे म्हणाल्याचे कोणी ऐकले आहे काय? सद्गृहस्थांच्या 'वर साहेब नाही' ह्या विधानाचे उत्तर कंपनीने आपल्याच तोंडाने देऊन ठेवले आहे.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे संस्थापक दीपिंदर गोयल ह्यांनी जाहीर केले की संपाच्या हाकेचा काही परिणाम झाला नाही. साडेचार लाखांहून अधिक मुलांनी ७५ लाखांहून अधिक खेपा पोहोचविल्या, असा उच्चांक झाला. अडथळा आणणाऱ्यांस त्यांनी मूठभर उपद्रवी लोक म्हटले. आकडे मी जसेच्या तसे मान्य करतो. पण त्यावरून निष्कर्ष काय निघतो? ज्या रात्री दर वाढला आणि दंड गेला त्या रात्री मुले मोठ्या संख्येने कामावर आली. म्हणजे ती आळशी नाहीत, कामचुकार नाहीत आणि धंदा बुडवावयास निघालेली नाहीत. योग्य मोबदला मिळाला तर वर्षअखेरच्या थंडीतही ती धावतात. संपवाल्यांचे ह्याहून वेगळे म्हणणे काय होते? शिवाय दहा मिनिटांत माल पोहोचविण्याचे जे वचन कंपन्या गिऱ्हाइकास देत, ते बंद करा, ही संपाची एक ठळक मागणी. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया ह्यांनी कंपन्यांस त्याविषयी सांगितले आणि ब्लिंकिटने आपल्या जाहिरातीतून ती दहा मिनिटे काढून टाकली. परिणाम न झालेल्या संपाचा हा परिणाम बरा म्हणावयाचा!

येथे कायद्यातील एक विसंगती दाखविणे भाग आहे, कारण सगळा गुंता तिच्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे कामगारांना संप करावयाचा तर आधी नोटीस द्यावी लागते, आणि नोटिशीपासून १४ दिवस लोटल्यावाचून संपावर जाता येत नाही. हे कामगारांवरचे बंधन खरे. पण त्याच बंधनाच्या पाठीवर एक हक्क बसलेला आहे : नोटीस गेली की समेट अधिकारी मध्ये पडतो, दोन्ही पक्षांस समोरासमोर यावे लागते, आणि ज्या संघटनेस ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा आहे तिच्याशी बोलणी करण्याचे मालकास टाळता येत नाही. आता ॲपच्या मुलांकडे पाहा. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची व्याख्या केली ती अशी की, मालक आणि नोकर ह्या रूढ नात्याच्या बाहेर राहून काम करणारा तो गिग कामगार. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीस द्यावी, मात्र मुलांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून ती अधिक नसावी, अशी तरतूद आहे. चांगली आहे. विमा मिळेल, अपघातात काही मदत मिळेल. पण किमान वेतन? ते रूढ नात्याच्या आत. वाटाघाटीचा हक्क? तोही आत. आणि हा मुलगा बाहेर, पायरीवर. त्याला प्रसादाची पुडी मिळेल, पंगतीत पान मिळणार नाही.

ह्याचा परिणाम असा की, त्याने संप केला तर तो बेकायदेशीर आहे असे कंपनीस म्हणता येत नाही, कारण नोटिशीचा नियम कामगारांस आणि कंपनीच्या मते हा कामगारच नव्हे. उद्या एक लाख स्वतंत्र व्यावसायिकांनी एकाच संध्याकाळी मोबाइल बंद ठेवला तर कोणता कायदा मोडला? गिऱ्हाइकास चौदा दिवस काय, चौदा मिनिटांची सूचना मिळणार नाही. ज्यांना संपाची भीती वाटते त्यांनीच खरे म्हणजे ह्या मुलांस कामगार ठरवा असा आग्रह धरला पाहिजे. आमचे सद्गृहस्थ नेमके उलट सांगतात.

अमेरिकेतील युनायटेड पार्सल सर्व्हिसचे उदाहरण ह्या दृष्टीने मननीय आहे. १९९७ च्या ऑगस्टात तिच्या १,८५,००० कामगारांनी १५ दिवस संप केला आणि देशाचा पार्सलव्यवहार अडला. २०२३ मध्ये पुन्हा वेळ आली. टीमस्टर्स ह्या संघटनेच्या करारात आलेले सुमारे ३,४०,००० कामगार. जुना करार ३१ जुलैस संपणार. मतदान करणाऱ्यांपैकी ९७ टक्क्यांनी संपाचा अधिकार संघटनेस दिलेला. महिनाभर वर्तमानपत्रांनी टाहो फोडला. २५ जुलैस समेट झाला, वेतन वाढले, तापलेल्या गाड्यांतून फिरणाऱ्यांसाठी नव्या गाड्यांत थंड हवेची सोय कबूल झाली, आणि ऑगस्टात ८६ टक्क्यांहून अधिक मतांनी करार मंजूर झाला. एक पार्सलही अडले नाही. संप झाला नाही, कारण तो होऊ शकत होता, आणि मेजाच्या दुसऱ्या बाजूस बसणे कंपनीस टाळता येत नव्हते.

"आणि १९८२?" असे कोणी विचारील. विचारावेच. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर गिरणगाव गिरणगाव राहिला नाही. कोकणातील कोणत्या गावाने त्याचे चटके सोसले नाहीत? मी त्या संपाचे गोडवे गाणार नाही. परंतु तो इतका विकोपास का गेला, हेही पाहावे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत एकाच मान्यताप्राप्त संघटनेस बोलण्याचा अधिकार दिला होता, आणि कामगारांचा विश्वास त्या संघटनेवर उरला नव्हता. ज्याच्यावर विश्वास त्याला बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येते त्याच्यावर विश्वास नाही. तोंड बांधलेल्या भांड्याखाली जाळ लावला की काय होते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. आज ॲपच्या मुलांच्या बाबतीत तर मान्यताप्राप्त अशी एकही संघटना नाही.

राहता राहिला धर्माचा मुद्दा. सणाच्या दिवशी लोकांना अडविणे हा अधर्म, असे सद्गृहस्थ म्हणाले. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साप्ताहिक सुटी मागितली, तेव्हा रविवार हा आपल्या खंडोबाचा वार, त्या दिवशी आम्हांस देवाला मोकळे करा, अशीच त्यांची भूमिका होती. १० जून १८९० रोजी ती सुटी मिळाली. आपण ती गेली १३५ वर्षे उपभोगीत आहोत. आपल्या देवळांतून रविवारची गर्दी होते ती तिच्याच पुण्याईने. आता त्या रविवारी, दसऱ्यास, दिवाळीस, नववर्षाच्या रात्री ज्याला घराबाहेर राहावे लागते त्याच्या देवाचे काय? आमच्या राज्याच्या परिवहन महामंडळाची पार्सलसेवा भद्राचलमच्या सीताराम कल्याणाच्या अक्षता घरपोच करते. चांगली सोय आहे. आम्हीही मागविल्या आहेत. अक्षता डोक्याला लावताना त्या कोणाच्या हातून आल्या, हे मात्र आमच्या घरात कोणी विचारले नाही. मीही नाही.

गोव्यात पहाटे सायकलचा भोंपू वाजवीत पाव घेऊन येणारा पोदेर घराघराच्या ओळखीचा असतो. तो दोन दिवस आला नाही तर त्याला बरे नाही काय, अशी चौकशी होते. ॲपचा मुलगा आला नाही तर आपण तक्रारीचे बटण दाबतो. दोष आपल्या स्वभावाचा नसेलही, व्यवस्थाच तशी आखलेली आहे. पण बटण आपलेच बोट दाबते.

हक्क म्हणजे काय हे देवस्थानच्या मंडळींस शिकवावयास नको. पालखीला पहिला खांदा कोणाचा, आरतीचे तबक आधी कोणापुढे, नारळाची अर्धी कवड कोणाची, ह्यांवरून आपल्याकडे तीन-तीन पिढ्या दावे चालले आहेत, आणि अशा दाव्यांची फी मीही घेतली आहे. कवडीमोलाच्या मानासाठी उच्च न्यायालय गाठणारे आपण, दुसऱ्याने चाळीस रुपयांचा हिशेब मागितला की त्याला उपद्रवी म्हणणाऱ्याच्या बाजूने मान डोलावतो.

मार्ग नाही असे नाही. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो, आज ह्या गोदामावर तर उद्या त्या. तरी मंडळाकडे कामगारांची नोंद, मालकांची नोंद, मजुरी आणि तीवरची लेव्ही मंडळात जमा, अशी रचना बसविता आली. पुण्यात हमालांसाठी आयुष्य वेचलेले बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी गेले. संप त्यानंतर सतरा दिवसांनी झाला. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशात पहिला कायदा केला. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने प्रत्येक व्यवहारातील मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क, आणि काढून टाकण्यापूर्वी लेखी कारणासह १४ दिवसांची नोटीस ह्या गोष्टी घातल्या. जैनदच्या मुलाला ती चौदा दिवसांची नोटीस मिळाली असती तर माझ्याकडे येताना त्याच्या हातात निदान एक कागद असता. तेलंगणा सरकारनेही २०२५ साली असाच एक मसुदा लोकांपुढे ठेवला. हे सर्व स्वागतार्ह, पण ह्यांत एकदोन गोष्टी आणखी हव्यात : खेपेचा दर कसा ठरला ह्याचा हिशेब मुलाला त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे, आणि त्याने निवडलेल्या संघटनेशी कंपनीने बोलले पाहिजे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ सालची अशा कामगारांची संख्या ७७ लाख धरली होती, आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज दिला होता. एवढ्या लोकांस कायद्याच्या पायरीवर बसवून घर सुखाने चालेल, ही कल्पना व्यवहारीही नाही.

तेव्हा संप पुन्हा होणार असे ऐकले की माझी भूमिका काय असेल, ते सांगून टाकतो. त्या दिवशी माझ्या घरून काही मागविले जाणार नाही. आमच्या देवळाच्या मागे लग्नमुंजींना देतो ती एक खोली आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ती ह्या मुलांना बसावयास, करारनामा मराठीत आणि तेलुगूत वाचून घ्यावयास आणि नोंदणीचे अर्ज भरावयास द्यावी, असा विनंतीअर्ज मी समितीकडे दिला आहे. वाचून दाखविण्याचे काम मी करीन, फी घेणार नाही. सद्गृहस्थांस मी तो आधी दाखविला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाले, "पाहू. बैठकीत ठेवा." बैठक पुढच्या एकादशीनंतर आहे.